अक्षय्यपात्राचा तळ

२०२५च्या जानेवारीत एक बातमी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर आली आणि दोन दिवसांत विरूनही गेली. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात असलेले ‘बॉम्बे हाय’ हे आपले सर्वांत मोठे तेलक्षेत्र. त्याचे घटते उत्पादन सावरण्यासाठी ‘ओएनजीसी’ने ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांकरिता तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड केली. मालकी आपली, संचालनही आपलेच. ज्ञान मात्र बाहेरून आणावयाचे. १९८५ साली ज्या क्षेत्राने दिवसाला ४ लाख ७० हजार बॅरल तेल दिले, ते २०२४पर्यंत १ लाख ३४ हजार बॅरलच्या आसपास उतरले होते. पेट्रोल लिटरमागे दोन रुपयांनी महागले की रस्त्यावर उतरणारे आपले राजकीय पक्ष आणि दूरचित्रवाणीवर तावातावाने भांडणारे आपले अर्थपंडित या बातमीवर फारसे काही बोलले नाहीत. दर सर्वांना दिसतो. तो दर ज्याच्यावर उभा आहे ते तेलक्षेत्र समुद्राच्या तळाखाली असल्याने दिसत नाही.

तेलक्षेत्र म्हणजे जमिनीखालचे एखादे तळे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ते असते दगडाचे. वाळूच्या किंवा चुन्याच्या खडकातील सूक्ष्म छिद्रांत तेल अडकलेले असते आणि वरच्या थरांच्या दाबाने, सोबतच्या वायूच्या व पाण्याच्या रेट्याने ते विहिरीतून वर येते. प्रारंभी हा रेटा जबरदस्त असतो. पुढे तो ओसरतो आणि मग माणूस खटपटी करू लागतो. कडेने पाणी भरावे, वरून वायू दाबावा, विहिरी आडव्या खोदाव्या. एवढे करूनही खडकातील निम्म्याहून अधिक तेल बहुधा खडकातच राहते. ज्या दिवशी विहिरीतून तेलापेक्षा पाणी जास्त येऊ लागते, त्या दिवसापासून क्षेत्राचे वार्धक्य सुरू झाले असे खुशाल समजावे.

आपल्या पुराणांतील ययातीला वार्धक्य नको होते. त्याने पुरूचे तारुण्य मागून घेतले आणि भोग सुरू ठेवला. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगातील महाकाय तेलक्षेत्रांवर जे प्रयोग झाले, त्यांपैकी पुष्कळांचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. उद्याचे उत्पादन आज उपसून घ्यावयाचे आणि त्यालाच उत्पादनवाढ म्हणावयाचे.

मेक्सिकोचे उदाहरण आपल्याकडे व्हावे तितके चर्चिले गेलेले नाही. कांपेचेच्या उपसागरात रुदेसिंदो कांतारेल नावाच्या एका कोळ्याला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. त्याने तो सरकारी तेल कंपनीला दाखविला. तेथे जे क्षेत्र सापडले त्याला त्या कोळ्याचेच नाव देण्यात आले, आणि १९७९पासून त्याने तेल द्यावयास सुरुवात केली. १९९०च्या दशकात दाब उतरू लागला तेव्हा मेक्सिकोने जगातील सर्वांत मोठा नायट्रोजन प्रकल्प उभारला आणि २०००पासून क्षेत्रात तो वायू भरण्यास आरंभ केला. परिणाम डोळे दिपविणारा होता. २००३-०४मध्ये कांतारेल दिवसाला २१ लाख बॅरलवर पोहोचले. देशाच्या एकूण उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक तेल या एका क्षेत्रातून येत होते आणि सरकारी तिजोरीचा सुमारे तिसरा हिस्सा तेलातून भरत होता. मग काय झाले? पाच-सहा वर्षांत ते क्षेत्र सात लाखांच्या खाली आले. आज त्याचे उत्पादन दोन लाखांपर्यंतही जात नाही. ज्या देशाने १९३८मध्ये परकीय तेल कंपन्यांना बाहेर काढून राष्ट्रीयीकरणाचा उत्सव केला, त्याच देशाची सरकारी तेल कंपनी पुढे जगातील सर्वाधिक कर्जबाजारी तेल कंपन्यांत जाऊन बसली. राष्ट्रीयीकरण चुकले असे आम्ही म्हणणार नाही. राष्ट्राच्या मालकीची वस्तू राष्ट्राच्या पुढील पिढीसाठी राखावयाची असते, याचा विसर पडला.

साम्यवादी रशियाची कथा याहून बोलकी आहे. पश्चिम सैबेरियातील सामोतलोर हे क्षेत्र १९६५मध्ये सापडले. १९८०मध्ये त्याने एका वर्षात सुमारे १५ कोटी ८० लाख टन तेल दिले. म्हणजे साऱ्या सोव्हिएत संघाच्या उत्पादनाचा चौथा हिस्सा एका क्षेत्राचा. या तेलावर मॉस्कोने अमेरिकेकडून धान्य विकत घेतले, पूर्व युरोपातील मांडलिकांना पोसले, अफगाणिस्तानात रणगाडे घातले. पंचवार्षिक योजनेचे लक्ष्य गाठले पाहिजे, मग खडकाचे काही होवो, अशा रीतीने पाणी भरभरून तेल उपसण्यात आले. पुढे विहिरींतून येणाऱ्या द्रवात दहा भागांत नऊ भाग पाणी येऊ लागले. १९८६मध्ये जागतिक भाव कोसळले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सामोतलोरचे उत्पादन त्याच्या परमोच्च काळाच्या आठव्या-नवव्या हिश्शावर येऊन ठेपले. सोव्हिएत साम्राज्य कोसळले याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतील प्रमुख कारण त्या विचारसरणीतच आहे असे आमचे मत आहे. पण त्या साम्राज्याचा खर्च भागविणारे क्षेत्र त्याच सुमारास दमले होते, हे आपल्याकडील मार्क्सवादी इतिहासकारांच्या ग्रंथांत क्वचितच वाचावयास मिळते.

सगळ्या क्षेत्रांचा राजा म्हणजे सौदी अरेबियातील घवार. १९४८ साली सापडलेले, १९५१पासून वाहते असलेले हे क्षेत्र सुमारे २८० किलोमीटर लांब आहे. मुंबईहून निघून सुरत गाठावी इतके. रुंदी जेमतेम तीस किलोमीटर. या एका पट्ट्यातून साठ अब्जांहून अधिक बॅरल तेल आजवर बाहेर पडले. १९८०-८१च्या सुमारास त्याचे उत्पादन दिवसाला ५५ लाख बॅरलच्या वर गेले होते. त्यानंतर अनेक वर्षे जगातील तज्ज्ञ घवारची क्षमता ५० लाख बॅरल आहे असे धरून आपापली गणिते करीत राहिले, कारण सौदी सरकारने क्षेत्रवार आकडे देणेच बंद केले होते. २००५मध्ये मॅथ्यू सिमन्स या अमेरिकी गुंतवणूकतज्ज्ञाने सौदी अभियंत्यांचे तांत्रिक निबंध चाळून ग्रंथ लिहिला आणि घवार थकले आहे असे सांगितले, तेव्हा त्याची टवाळी झाली. पुढे एप्रिल २०१९मध्ये अरामको कंपनीला रोखे विकावयाचे होते. रोखे विकावयाचे तर गुंतवणूकदारांना माहिती द्यावी लागते. त्या दस्तऐवजात घवारची कमाल क्षमता छापली गेली: दिवसाला ३८ लाख बॅरल. बारा लाखांचा फरक! राजाज्ञेने जे झाकले होते ते सावकाराच्या एका अटीने उघडे पडले.

येथे प्रामाणिकपणाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. सिमन्स यांचे निदान बरेचसे खरे होते, भाकीत मात्र फसले. घवार कोसळले नाही. पर्शियाच्या आखातातून नळांनी आणलेले समुद्राचे पाणी १९७८पासून त्याच्या कडांना भरले जात आहे आणि सौदी अभियंत्यांनी, मेक्सिकोप्रमाणे शेवटचा थेंब आजच काढण्याचा हट्ट न धरता, क्षेत्राला जपून वापरले. त्याआधीचे भविष्यवेत्ते किंग हबर्ट यांचेही तसेच. अमेरिकेचे तेल उत्पादन १९७०च्या आसपास शिखर गाठेल असे त्यांनी १९५६ साली सांगितले, ते तंतोतंत घडले. २००८पर्यंत ते दिवसाला ५० लाख बॅरलपर्यंत घसरलेही. पण शेलच्या खडकातून तेल काढण्याचे तंत्र हाती आले आणि २०२३मध्ये अमेरिकेने सुमारे १२९ लाख बॅरलचा जागतिक उच्चांक केला. ‘तेल संपणार’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांना दर दशकात तोंडघशी पडावे लागले आहे, आणि आम्हांस त्या रांगेत उभे राहावयाचे नाही. एवढे मात्र खरे, की शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक ओसरते. घवारच्या विहिरी दशकानुदशके वाहतात; टेक्सासात दरवर्षी हजारो नव्या विहिरी खोदाव्या लागतात. धावत्या पट्ट्यावर जागच्या जागी राहण्यासाठी पळणाऱ्या माणसासारखे ते आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सप्टेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल हेच वेगळ्या शब्दांत सांगतो. शिखर ओलांडलेल्या पारंपरिक तेलक्षेत्रांचे उत्पादन सरासरीने वर्षाला ५.६ टक्के घटते, आणि तेल-वायूच्या उत्खननात जग जो पैसा ओतते त्यातील जवळजवळ ९० टक्के केवळ ही घट भरून काढण्यात जातो. त्याच अहवालात आणखी एक तपशील आहे आणि भारतीय वाचकाने तो लक्षात ठेवावा. ही घट सर्वत्र सारखी नाही. मध्यपूर्वेतील जमिनीवरची महाक्षेत्रे वर्षाला दोन टक्क्यांहूनही कमी ओसरतात. युरोपच्या समुद्रातील क्षेत्रे पंधरा टक्क्यांहून अधिक वेगाने. म्हणजे दिवस जातील तसे जगाचे तेल अधिकाधिक आखाती राजांच्या हाती एकवटत जाणार. जगातील हजारो क्षेत्रांपैकी पाचशेच्या आसपास महाक्षेत्रेच निम्म्याहून अधिक तेल देत आली आहेत, आणि त्यांतील थोरली बहुतेक तेथेच आहेत.

त्या राजांच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा? १९८०च्या दशकात ‘ओपेक’ संघटनेत उत्पादनाचा वाटा ठरविताना साठ्याचा विचार होऊ लागला. लगोलग कुवेतचे साठे कागदावर सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. मग इराण, इराक, अमिराती, व्हेनेझुएला आणि शेवटी सौदी अरेबिया यांचेही वाढले. त्या प्रमाणात नवी क्षेत्रे कोठेही सापडली नव्हती! त्यानंतर वर्षानुवर्षे रोज लाखो बॅरल तेल उपसूनही यांतील काही देशांचे आकडे जागचे हलले नाहीत. द्रौपदीच्या थाळीची कथा आपण श्रद्धेने ऐकतो. अर्थशास्त्राच्या तक्त्यात ती छापण्याचे धाडस मात्र आपण कधी केले नाही. कुवेतमधील बुरगान हे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे क्षेत्र, १९३८मध्ये सापडलेले. १९९१मध्ये पळून जाणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक विहिरींना आगी लावल्या. त्या विझवावयास नोव्हेंबर उजाडला. त्याच बुरगानबद्दल २००५च्या नोव्हेंबरात कुवेत ऑइल कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितले, की दिवसाला २० लाख बॅरलची अपेक्षा सोडा, १७ लाखांवर समाधान माना.

आणि हे सारे आपल्या दारात कसे येऊन आदळते, ते १९९१ने आपल्याला शिकविले आहे.

स्वातंत्र्यानंतर भारतात तेल फारसे नाही असे परकीय तज्ज्ञ सांगत. बंगालच्या खोऱ्यात शोध घेऊन एका अमेरिकी कंपनीने हात झटकले होते. केशवदेव मालवीय यांनी तो निकाल मानला नाही. ते नेहरूंचे सहकारी, डाव्या विचारांचे. आमचे आणि त्यांचे मतभेद उघड आहेत. परंतु १९५६मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला तो त्यांच्या जिद्दीमुळे, आणि हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९६०च्या दशकात रशियन जहाजाने मुंबईच्या समुद्राचे सर्वेक्षण केले आणि जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तरंगत्या मंचावरून फेब्रुवारी १९७४मध्ये तेल लागले. अरब राष्ट्रांनी तेलाचे भाव चौपट करून काहीच महिने लोटले होते. मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर आपण आपल्या गरजेच्या जवळजवळ दोन तृतीयांश तेल आपल्याच भूमीतून व समुद्रातून मिळवू लागलो. दैवाने पदरात टाकलेले हे दान होते.

त्या दानाचे आपण काय केले? आकडे वाढवून दाखविण्याची चढाओढ लागली. खडकात पाणी भरण्याचे काम उत्पादन सुरू झाल्यावर काही वर्षांनी हाती घेण्यात आले. वायू तर मशालीसारखा आकाशात जाळला गेला. मुंबईकडे येणाऱ्या जहाजांतून रात्री त्या ज्वाळा दिसत. १९८९-९०मध्ये देशाचे उत्पादन ३ कोटी ४० लाख टनांवर गेले. तीनच वर्षांनी, १९९२-९३मध्ये, ते २ कोटी ७० लाख टनांवर उतरले. आसामातील अशांतता हेही त्याचे एक कारण होते, पण मुख्य घाव बॉम्बे हायचा होता. या तीन वर्षांच्या अगदी मधोमध सद्दाम हुसेन यांनी कुवेत गिळले, तेलाचे भाव भडकले, आखातातील आपले बांधव अंगावरच्या कपड्यांनिशी परतले आणि त्यांनी घरी धाडलेला पैसा थांबला. जुलै १९९१मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे धाडले. त्या मानभंगाची चर्चा नेहमी परवाना राज आणि राजकोषीय तूट या शब्दांत होते, आणि ती योग्यच आहे. परंतु संकटाच्या नेमक्या घटकेला आपले स्वतःचे क्षेत्र धापा टाकत होते, हे कोणी सांगत नाही. ते क्षेत्र दहा वर्षे सबुरीने वापरले असते तर सोने गहाण पडलेच नसते, असा दावा आम्ही करणार नाही. हात तरी थोडा कमी पसरावा लागला असता.

याच क्षेत्राने माणसेही घेतली आहेत. २६ जुलै २००५च्या प्रलयाने मुंबई गारद झाली होती, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बॉम्बे हायच्या उत्तर मंचावर एक जहाज आदळले आणि दोन तासांत तो मंच जळून समुद्रात गेला. मृत आणि बेपत्ता मिळून २२ जणांना आपण गमावले. शहराच्या दुःखात त्या कामगारांचे दुःख झाकोळून गेले.

शेजारच्या चीनकडे पाहावे, मनात कितीही अढी असली तरी. दाचिंग हे क्षेत्र त्यांना सप्टेंबर १९५९मध्ये सापडले. १९७६पासून २००२पर्यंत सलग २७ वर्षे त्यांनी तेथून वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक तेल काढले, शिखर आणि दरी होऊ न देता. मग ठरवून चार कोटी, पुढे तीन कोटी. १९९३पासून चीन आयातदार झाला, तरी दाचिंगने त्याला जो अवधी मिळवून दिला त्यात त्याने पाइपलाइनी, साठे आणि शेवटी विजेवर चालणाऱ्या मोटारींचे कारखाने उभे केले. २०२४मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या विजेवर चार्ज होणाऱ्या होत्या.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानवदर्शनावर जी चार व्याख्याने दिली, त्यांत निसर्गाचे दोहन करावे, शोषण करू नये, हा विचार मांडला होता. गाय दोहताना वासराचा वाटा राखण्याची आपली रीत आहे. तेलाच्या बाबतीत हे वासरू म्हणजे १९९१मध्ये जन्मलेली पिढी होती.

आता आपल्याच घरात डोकवावे लागेल. मार्च २०१५मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्लीतील ‘ऊर्जा संगम’मध्ये २०२२पर्यंत तेलाची आयात-निर्भरता दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. तेव्हा ती ७८ टक्क्यांच्या आसपास होती. २०२४-२५मध्ये ती ८८ टक्के झाली. २०११-१२मध्ये ३ कोटी ८० लाख टन असलेले देशाचे उत्पादन २ कोटी ८७ लाख टनांवर आले. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हे आकडे झाकून ठेवणे म्हणजे रियाधच्या राजवाड्याचा कित्ता गिरविणे होईल. मागणी वाढली हे खरे, आणि गरीब कुटुंबाच्या घरी गॅसची शेगडी आली, खेड्यात दुचाकी आली, यात वाईट वाटण्यासारखे काहीच नाही. राजस्थानातील बाडमेरचे मंगला क्षेत्र, ज्या भागातील हिस्सा शेल कंपनीने विकून टाकला होता आणि जेथे २००४मध्ये तेल लागले, तेही दहा वर्षे भरात राहून उताराला लागले आहे. बाडमेरच्या क्षेत्रांतून २०१३-१४मध्ये दिवसाला पावणेदोन लाख बॅरलच्या वर तेल येत होते. २०२४-२५मध्ये ते एक लाखाच्या आत होते.

अटलजींच्या शासनाने दूरदृष्टीने काही बीजे पेरली होती. २००१मध्ये सखालिनच्या क्षेत्रात भारताने हिस्सा घेतला. त्याच वर्षी मिरज आणि मनमाड येथून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले; २०२५मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेले, यात महाराष्ट्राच्या ऊस उत्पादकाचा वाटा मोठा आहे. (उसाला लागणारे पाणी हा स्वतंत्र लेखाचा विषय.) २००४च्या आरंभी धोरणात्मक तेलसाठ्यांचा निर्णय झाला आणि विशाखापट्टणम, मंगळूर व पाडूर येथे खडक पोखरून ५३ लाख टनांची कोठारे तयार झाली. देशाला ती साडेनऊ दिवस पुरतात. ओडिशातील चंडीखोल आणि पाडूरच्या दुसऱ्या टप्प्याला २०२१मध्ये मंजुरी मिळाली. जपान आणि चीन यांच्या साठ्यांपुढे तीही तोकडीच आहे.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील तेलाच्या शोधाची मोहीम जाहीर झाली. ‘समुद्रमंथन’ हा शब्द पंतप्रधानांनी त्यासाठी वापरला. शब्द चपखल आहे. मंथनात अमृत शेवटी आले, हलाहल आधी. खोल समुद्रातील एखादे क्षेत्र सापडले तरी तेल किनाऱ्यावर यावयास दहा वर्षे लागतात, तोवर बॉम्बे हाय आणि बाडमेर हेच आपले आधार राहणार. म्हणून बीपीशी झालेल्या कराराकडे पुन्हा वळावे लागते. या कंपनीला मोबदला मिळणार आहे तो मुख्यतः वाढीव उत्पादनावर. उत्पादन वाढेलही, कांतारेलचेही वाढले होते. दहा वर्षांनी कंपनी निघून जाईल तेव्हा खडकातील दाब किती उरला असेल, विहिरींतून किती पाणी येत असेल आणि अकराव्या वर्षी क्षेत्र किती वेगाने ओसरेल, हे मोजण्याची यंत्रणा कोणाकडे असणार आहे? ओएनजीसीच्या डेहराडून येथील संस्थेत आणि पनवेलच्या प्रयोगशाळांत हे काम करू शकणारे अभियंते आहेत. त्यांचा वार्षिक अहवाल, क्षेत्रवार आकड्यांसह, संसदेच्या पटलावर ठेवला जावा, अशी मागणी खासदारांनी येत्या अधिवेशनात केली पाहिजे.